आंबोली घाटात पिस्टन धरलेली बुलेट: एका जुन्या कार्ब्युरेटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९८४ ची बुलेट ३५०. ओतीव लोखंडाचा सिलिंडर, सीबी पॉइंट (ठिणगी पाडणारा विजेचा खटका), उजव्या पायाला गिअर, हेडलाइटच्या वर अँपिअर मीटर. मालक कोल्हापूरचे, बँकेत अधिकारी. गाडी वडिलांची, ते गेल्यावर कित्येक वर्षं गावाकडच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. ती उठवायची आणि दोघांनी तिच्यावरून लांब फिरायचं, आधी कोकण-गोवा आणि पुढे जमलं तर लडाख, असा नवरा-बायकोचा बेत होता. म्हणजे रविवारी सकाळी चहाला नेऊन परत झाकून ठेवायची गाडी त्यांना नको होती. मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या पिशव्या घेऊन घाट चढणारी गाडी हवी होती. पुढचं सगळं समजून घ्यायला हे लक्षात ठेवावं लागेल.

बुलेटची जुळणी मद्रासला १९५५ मध्ये सुरू झाली आणि इंजिनाचा मूळ आराखडा पुढे कित्येक दशकं तोच राहिला. ७० मि.मी. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ९० मि.मी. स्ट्रोक (पिस्टनची धाव), ३४६ सीसी, ताकद १८ हॉर्सपॉवर. लांब स्ट्रोकमुळे हे इंजिन कमी फेऱ्यांतही ओढतं आणि बरंच काही सहन करतं. पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा कार्ब्युरेटर थोडा बिघडला, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) जरा इकडेतिकडे झालं, तरी गावातल्या गावात गाडी चालत राहते. हा गुणच इथे आड आला.

गाडी एका अनुभवी मिस्त्रीकडे पूर्ण खोलली गेली. बोअर उद्यमनगरात, कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत, चाळीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वाढवून घेतला, त्याला ओव्हरसाइज पिस्टन, क्रँकचं बिग एंड नवं, व्हॉल्व्हच्या गाइड नव्या, पॉइंट-कंडेन्सर नवे. मूळ लांब सायलेन्सर सडला होता, त्या जागी बाजारातला शॉर्ट बॉटल आला. एअर फिल्टरचा मूळ डबा मालकांनी हट्टाने जपला, आणि ते फार बरं झालं. कार्ब्युरेटर मात्र जुनाच ठेवला, २४ मि.मी.चा मिककार्ब. तो रॉकेलात भिजवून, ब्रश मारून, बाहेरून बफ करून चकाचक केला आणि आत बाजारातलं रिपेअर किट टाकलं. त्या किटमध्ये गॅस्केट, फ्लोटची पिन, पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा बारीक भोकाचा तुकडा) आणि मेन जेट (थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर पेट्रोल देणारा) होते. मधल्या थ्रॉटलला पेट्रोल मोजणारी निमुळती सुई, म्हणजे निडल, आणि ती ज्यात खालीवर होते तो निडल जेट त्यात नव्हते, त्यामुळे ते वडिलांच्या काळातलेच राहिले.

तक्रार

रनिंगचे पहिले हजार किलोमीटर सांभाळून झाले. त्यानंतर मालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. चाळीस-पन्नासच्या वेगाने शांत चालवताना गाडी मधेच अडखळते, एक सोडून एक ठोका चुकल्यासारखी. ॲव्हरेज चोवीसच्या वर जात नाही. आणि प्लग काढला की तव्यासारखा काळा.

मिस्त्रींनी प्लग हातात घेतला, नखाने काजळी खरवडली आणि म्हणाले, "साहेब, प्लग काळा म्हणजे पेट्रोल जादा जातंय. त्यात आणि काय बघायचंय?" त्यांनी आधी निडल एक खाच खाली घेतली. थोडा फरक पडला. मग मेन जेट ९० चा होता तो काढून ८५ चा बसवला. अजून थोडा फरक पडला. आयडलिंग टिकत नव्हतं, म्हणून एअर स्क्रू जवळजवळ पूर्ण आत घेतला आणि स्लाइडचा स्क्रू चढवून आरपीएम वाढवले. गावात गाडी आता बरी वाटू लागली. मालक खूश झाले, मिस्त्रीही मोकळे झाले.

इथे पहिला निर्णय झाला, पण तो निर्णय आहे असं त्या वेळी कुणालाच वाटलं नाही. प्लग काळा झाला होता पाव ते अर्ध्या थ्रॉटलवर, कारण शहरात गाडी तेवढ्यातच चालते. मेन जेटचा खरा अंमल सुरू होतो पाऊण थ्रॉटलच्या पुढे. दुखणं एका ठिकाणचं होतं, औषध दुसऱ्याच ठिकाणी लावलं. थोडा उतार पडला, म्हणून औषध बरोबरच असणार असं सगळ्यांनी धरून चाललं.

दाणोलीच्या पुढे

डिसेंबरात दोघं निघाले. कोल्हापूरहून आजऱ्यामार्गे आंबोली, तिथून खाली सावंतवाडी, पुढे गोवा. जाताना घाट उतरायचाच होता, काही झालं नाही. परतीच्या दिवशी सकाळी सावंतवाडी सोडली, दाणोली मागे पडली आणि चढ लागला. मागे पत्नी, पिशव्यांत सामान आणि काजूची भर. तिसरा गिअर, थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडा. काही वळणांनंतर इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड ऐकू येऊ लागली. मालकांना वाटलं टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजतायत. मग ताकद उतरत गेली, थ्रॉटल पिळूनही गाडी पुढे जाईना, आणि मागचं चाक क्षणभर घासलं. त्यांनी क्लच दाबला म्हणून पडले नाहीत. इंजिन बंद. तापलेला पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला होता, गॅरेजच्या भाषेत पिस्टन धरला होता.

रस्त्याच्या कडेला अर्धा-पाऊण तास थांबल्यावर किक हलली. गाडी चालू झाली, आणि दोघं हळूहळू वर येऊन, जिवाला जपत कोल्हापूरला पोचले.

हेड आणि सिलिंडर काढल्यावर पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे दिसले. दोन्ही बाजूंना होते, पण पुढच्या बाजूला जास्त. पिस्टनचा माथा फिकट राखाडी. प्लगचं पोर्सलेन पांढरंफटक आणि त्यावर भिंगातून दिसतील असे ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके. आठवडाभरापूर्वी शहरात काळा निघणारा प्लग घाटातून पांढरा होऊन आला होता.

या टप्प्यावर मालकांनी मला बोलावलं. मिस्त्रींना विचारूनच बोलावलं, हे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं काम त्यांच्याच गॅरेजमध्ये, त्यांच्याच हातांनी झालं.

दोन संशयित

मिस्त्रींचं म्हणणं, बोअर घट्ट झाला. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट कमी ठेवली गेली असेल, तर नवं बोअर केलेलं इंजिन पहिल्या मोठ्या चढाला धरतंच. त्यांनी अशा गाड्या आयुष्यात भरपूर पाहिल्या होत्या. माझं म्हणणं, मिश्रण पातळ झालं: हवा जास्त, पेट्रोल कमी. पातळ मिश्रणाने डोकं तापतं, तापलं की नॉकिंग होतं, म्हणजे मिश्रण ठिणगीची वाट न बघता आपोआप झटक्याने पेटतं, आणि ती खडखड टॅपेटची नसून नॉकिंगची होती. प्लगवरचे ठिपके माझ्या बाजूने बोलत होते, पिस्टनच्या दोन्ही बाजूंचे ओरखडे त्यांच्या.

सिलिंडर उद्यमनगरात नेऊन डायल गेजने मापला. फट घट्ट बाजूलाच निघाली. पण ओरखडे पडलेल्या पिस्टनचं माप म्हणजे पाडलेल्या भिंतीचा ओळंबा. मूळ फट किती होती हे त्यावरून छातीठोक सांगता येत नाही. होन मारून, म्हणजे सिलिंडर आतून बारीक घासून, फट थोडी मोकळी केली, पिस्टन बारीक कागदाने साफ करून तोच परत वापरला, रिंगा नव्या घातल्या.

आता पातळ मिश्रणाची कारणं पाहू. ती एक नव्हे, चार होती, आणि चारही एकाच दिशेची. मेन जेट ८५, हे उघडच. दुसरं, शॉर्ट बॉटल सायलेन्सर मूळच्यापेक्षा मोकळा असल्याने इंजिन जास्त हवा ओढतं, आणि जेटाचं माप मात्र मूळ सायलेन्सरच्या हिशोबाचं. तिसरं कारण फार लोकांच्या ध्यानात येत नाही: पेट्रोल. १९८४ मध्ये पंपावर निव्वळ पेट्रोल मिळायचं. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत तेच सगळीकडे झालं. एक किलो निव्वळ पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिश्रणाला ती सुमारे साडेतेरा लागते. जेटाचं भोक तेच ठेवलं, तर आजचं पेट्रोल त्याच हवेला सात-आठ टक्के कमी पडतं. आधुनिक गाडीत सेन्सर हे सांभाळून घेतो, पितळी जेटाला हे कोण सांगणार? मॅन्युअलमधला ९० चा आकडा चुकीचा नाही, तो दुसऱ्या पेट्रोलचा आहे.

चौथं कारण घाटाचं. उंचीवर हवा विरळ होते आणि कार्ब्युरेटर श्रीमंत होतो, म्हणजे पेट्रोल जास्त देतो, हे लडाखला जाऊन आलेला प्रत्येकजण सांगतो. पण उलटंही तितकंच खरं आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. तिथे जुळवलेला कार्ब्युरेटर दाणोलीच्या पायथ्याला, जवळजवळ समुद्रसपाटीच्या दाट हवेत, डिसेंबरच्या थंड सकाळी थोडा पातळ होतो. फरक दोन-तीन टक्क्यांचाच. पण सगळ्यांत पातळ मिश्रण, सगळ्यांत जास्त ओझं आणि सगळ्यांत उघडा थ्रॉटल हे तिन्ही घाटाच्या पहिल्या वळणांवरच एकत्र आले. आंबोलीची उंची इथे गुन्हेगार नव्हती, तिचा पायथा होता.

पर्याय

इंजिन बसवण्याआधी चौघे बसलो: मालक, त्यांच्या पत्नी, मिस्त्री आणि मी.

सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे ८५ काढून परत ९० घालायचा आणि विषय मिटवायचा. खर्च शंभर-दीडशे रुपये. पण मग शहरातला काळा प्लग परत येणार, आणि कधीतरी कुणीतरी परत जेट कमी करणार. शिवाय वरच्या हिशोबाने आजच्या पेट्रोलला ९० ही अपुराच.

दुसरा मार्ग, त्याच नमुन्याचा नवा कार्ब्युरेटर. मिस्त्रींचा कल इकडे होता, आणि तो वेडगळ नव्हता: जुन्या कार्ब्युरेटरमध्ये वेळ घालवण्यापेक्षा नवा बसवला की निम्म्या शंका एकदम जातात. अडचण अशी की बाजारात खरा माल आणि नक्कल शेजारी-शेजारी मांडलेली असते, आणि नकलेतल्या जेटांवरचे आकडे शोभेचे असतात. आकड्यावर विश्वास नसेल तर एक पायरी वर, एक पायरी खाली या भाषेला अर्थच उरत नाही.

तिसरा, नंतरच्या बुलेटचा २९ मि.मी.चा सीव्ही कार्ब्युरेटर, ज्यात स्लाइड केबलने नव्हे, इंजिनाच्या ओढीने उचलली जाते. अनेकजण करतात, आणि चांगला चालतोही. पण इनटेकचा जोड बनवून घ्यावा लागतो, केबल बदलते, जेट शून्यापासून शोधावे लागतात. आणि प्रवासात कुठल्या तालुक्याच्या गावी बिघडला, तर तिथल्या मिस्त्रीला मिककार्ब डोळे मिटून खोलता येतो. अनोळखी इंजिनावर बसवलेला सीव्ही पाहून तो हात वर करेल. दौऱ्याच्या गाडीसाठी हा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटला.

मालकांच्या पत्नींनी एकच प्रश्न विचारला: "यातल्या कुठल्या उपायाने परत घाटात थांबावं लागणार नाही, हे आधी कोल्हापुरातच कळेल?" त्यांच्या प्रश्नाने चौथा मार्ग ठरला. जुना कार्ब्युरेटर ठेवायचा, त्यातले झिजणारे भाग बदलायचे, आणि प्रत्येक टप्पा पन्हाळ्याच्या चढावर तपासायचा. कोल्हापूरहून वीसेक किलोमीटर, वाघबीळपासून वर चांगला दमदार चढ, आणि काही झालंच तर घर जवळ.

कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी

टॅपेट, पॉइंट, टायमिंग. या इंजिनात थंड असताना पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळ जवळजवळ नको. एक्झॉस्टचा किंचित सैल. तो बरोबर होता. पॉइंटची फट बरोबर होती. टायमिंग मात्र पुढे सरकलेलं निघालं. मॅन्युअलप्रमाणे पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी ०.८ मि.मी. असताना पॉइंट उघडायला हवेत. इथे ते बरेच आधी उघडत होते. गाडी "चटकन पिकअप घ्यावी" म्हणून कुणीतरी हाताच्या अंदाजाने ठेवलेलं. पातळ मिश्रणाला पुढचं टायमिंग म्हणजे नॉकिंगला आमंत्रणच. ते मापात आणलं. वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारे ॲडव्हान्सचे वजनी तुकडे अडकत नाहीत ना, तेही हाताने फिरवून पाहिलं.

टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक रंगाने बुजलेलं नव्हतं, कॉकमधून धार चांगली येत होती. त्यावर वेळ घालवला नाही.

मग हवेची गळती. गाडी आयडलवर ठेवली आणि इनटेकच्या जोडावर साबणाचं पाणी पिचकारीने सोडलं. पाणी जोडात शोषलं गेलं आणि इंजिनाचा ठोका क्षणभर बदलला. कार्ब्युरेटर काढून त्याचं फ्लँज (इंजिनाला टेकणारा सपाट चेहरा) जाड काचेवर ठेवलं आणि मागून बॅटरीचा उजेड धरला. दोन बोल्टांच्या मध्ये उजेडाची चंद्रकोर दिसली, कडेला अगदी बारीक आणि मधोमध केस जाईल इतकी. गळती दिसली की बोल्ट अजून आवळायचे, आवळले की फ्लँज अजून वाकायचं, मग गळती अजून वाढायची. कित्येक वर्षं हेच चाललेलं असावं. मिककार्बच्या या दुखण्याशी बुलेटवाल्यांची जुनी ओळख आहे.

मिस्त्रींनी काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवला, त्यावर तेलाचे दोन थेंब टाकले आणि फ्लँज इंग्रजी आठच्या आकारात घासत राहिले. आधी फक्त दोन कानांवर चकाकी आली, मधला पट्टा काळाच राहिला. हळूहळू चकाकी आत सरकली. सगळा चेहरा एकसारखा झाल्यावर त्यांनी बोट फिरवलं, नवी ओ-रिंग बसवली आणि बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे, साध्या छोट्या पान्याने आवळले. लांब दांड्याचा पाना त्यांनी त्या दिवशी मुद्दाम हातात घेतला नाही.

ही गळती होती म्हणून आयडलिंग टिकत नव्हतं, आणि म्हणून एअर स्क्रू आत घेतला गेला होता. म्हणजे खालच्या टप्प्यात पातळ मिश्रण, त्यावर उतारा म्हणून जबरदस्तीने श्रीमंत केलेलं. मधल्या टप्प्यात श्रीमंत. वरच्या टप्प्यात पातळ. एकाच कार्ब्युरेटरमध्ये तीन वेगळे आजार, आणि प्लग दाखवणार त्यातला शेवटचा जिथे गाडी चालली तो.

आता कार्ब्युरेटर

खालून वर जायचं ठरलं. पायलट आधी, मग निडल, मेन जेट शेवटी. उलट क्रमाने गेलं तर खालची प्रत्येक दुरुस्ती वरचं जुळवलेलं थोडं हलवते आणि माणूस गोल गोल फिरत राहतो. फ्लोटच्या वाटीतली पेट्रोलची पातळी आधीच तपासून घेतली, कारण ती चुकली तर तिन्ही टप्पे एकदम चुकतात.

पायलट: इंजिन पूर्ण तापवून एअर स्क्रू हळूहळू फिरवायचा आणि जिथे ठोका सगळ्यांत जोमदार तिथे थांबायचं. या कार्ब्युरेटरचा स्क्रू हवेचा आहे. आत घेतला की मिश्रण घट्ट होतं, बाहेर काढला की पातळ. पुष्कळजण दुसऱ्या गाड्यांच्या सवयीने नेमकं उलटं करतात. गळती गेल्यावरही सगळ्यांत चांगला ठोका स्क्रू जेमतेम अर्धा फेरा बाहेर असताना मिळाला. साधारण दीड फेऱ्याला मिळायला हवा. अर्ध्याला मिळतो म्हणजे पायलट जेट लहान पडतोय. २५ च्या जागी २७.५ घातला. स्क्रू दीड फेऱ्याच्या जरा अलीकडे आला आणि थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम वरच लटकत राहायचे, तेही थांबलं.

निडल: जुना निडल जेट बाहेर काढून भिंगाखाली धरला. भोक गोल असायला हवं, ते एका बाजूला ओढलेलं, लंबगोल दिसलं. निडलवर त्याच बाजूला चकचकीत उभा पट्टा. इंजिनाच्या प्रत्येक श्वासाबरोबर निडल थरथरते आणि पितळेवर घासते. चाळीस वर्षांत हे होणारच. निडल वर जाड आणि टोकाला निमुळती असते. थ्रॉटल कमी उघडा असताना जाड भाग जेटात असतो, सभोवतालची फट बारीक असते, म्हणून तिथे झिजेने वाढलेली फट प्रमाणात फार मोठी ठरते. थ्रॉटल पूर्ण उघडला की निमुळता भाग येतो, फट मुळातच मोठी, झीज नगण्य. शहरात काळा आणि घाटात पांढरा, या कोड्याचं अर्धं उत्तर भिंगाखाली मिळालं. निडल आणि निडल जेट जोडीनेच बदलले, मूळ भागांवर कोरलेले आकडे जुळवून. दुकानात आधी बिनआकड्याची जोडी पुढे आली होती. ती परत दिली. क्लिप मधल्या खाचेत.

मेन जेट: ९०, ९५ आणि १०० असे तीन जवळ ठेवले. थ्रॉटलच्या मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा केल्या. हँडलला तात्पुरता किल स्विच बसवला. भल्या सकाळी, रस्ता मोकळा असताना, मालक गाडीवर आणि मागे मी, म्हणजे ओझंही खरं. नवा प्लग, वाघबीळपासून तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल, मग एकाच क्षणी क्लच दाबून किल स्विच, आणि कडेला गाडी लावून प्लग बाहेर. इंजिन आयडलवर चालू देत कडेला आलं तर प्लगवर आयडलचा रंग चढतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

हल्लीच्या पेट्रोलने प्लगला पूर्वीसारखा चहाचा रंग चटकन येत नाही. पोर्सलेनच्या टोकाकडे पाहून काही कळत नाही, भिंगाने अगदी तळाशी, जिथे ते धातूत शिरतं तिथली कडी बघावी लागते. ९० वर तळाची कडी जेमतेम, फिकट. ९५ वर स्पष्ट, फिकट तपकिरी कडी आणि खडखड अजिबात नाही. १०० वर कडी गडद, आणि शेवटच्या चढावर इंजिन घोगरं होऊन अडखळू लागलं. मिस्त्रींना ९० पुरेसा वाटत होता, कारण गाडी त्यावर सगळ्यांत हलकी पळत होती. ते खरंही होतं; किंचित पातळ मिश्रणावर गाडी नेहमीच तरतरीत वाटते. पण पन्हाळ्याला जे जेमतेम, ते दाणोलीला कमी. ९५ ठेवला.

निकाल

ॲव्हरेज एकतीस-बत्तीसवर आलं. जेट मोठा करून ॲव्हरेज वाढलं, हे मिस्त्रींच्या शेजारच्या गॅरेजवाल्यांना काही केल्या पटेना. पण पेट्रोल खात होता तो झिजलेला निडल जेट, आणि रोजची नव्वद टक्के गाडी त्याच्यावरच चालते. मधलं अडखळणं गेलं.

पुढच्या फेब्रुवारीत दोघं परत त्याच रस्त्याने गेले आणि सावंतवाडीहून आंबोली दुपारी, मुद्दाम ओझ्यासकट, चढून आले. वर पोचल्यावर काढलेल्या प्लगचा फोटो मला आला. कडी होती तशीच.

सगळं गुळगुळीत झालं असं नाही. उतारावर थ्रॉटल बंद केला की शॉर्ट बॉटलमधून अधूनमधून फटके येतात. त्यासाठी पायलट अजून वाढवता आला असता, पण मग गावातलं आयडलिंग जड झालं असतं; मालकांनी फटके पत्करले. दुपारच्या उन्हात गाडी तापून उभी राहिली की दुसऱ्या-तिसऱ्या किकला चालू होते. आणि महिनाभर उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून फ्लोटमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवायचं, ही सवय लावून घ्यावी लागली. इथेनॉल हवेतली ओल धरतं आणि उभ्या गाडीच्या पायलटच्या बारीक भोकात त्याची साय बसते. लडाखचा बेत अजून आहे. तिथे विरळ हवेत ९५ जड होईल, म्हणून ९० आणि तो बदनाम ८५ दोन्ही टूलबॉक्समध्ये जातील.

वेगळं काय करता आलं असतं

निडल जेट रिपेअर किटमध्ये येत नाही, म्हणून तो पुनर्बांधणीत कुणाच्या यादीतच नव्हता. इंजिनाचा प्रत्येक झिजणारा भाग मापला गेला आणि कार्ब्युरेटर फक्त धुतला गेला. बफ केलेल्या कार्ब्युरेटरच्या चकाकीने मालकांचाही समज झाला की तो नवा झाला. फ्लँज काचेवर ठेवून पाहणं, भिंगातून निडल जेट पाहणं, दोन्ही मिळून दहा मिनिटांची कामं.

मेन जेट कमी करण्याआधी एक प्रश्न पुरला असता: प्लग काळा झाला तेव्हा थ्रॉटल किती उघडा होता? मालकांना तो कुणी विचारला नाही, आणि त्यांनाही तो सांगावासा वाटला नाही. खडखड ऐकू आल्यावर थ्रॉटल सोडून थांबायचं असतं, हेही गाडी देताना त्यांना सांगायला हवं होतं. टॅपेटचा आवाज ओझ्याने बदलत नाही. नॉकिंग थ्रॉटल मिटला की लगेच थांबतं. एवढा फरक माहीत असता तर कदाचित पिस्टन धरलाच नसता.

एका बाबतीत आमचं आजही एकमत नाही. मिस्त्री म्हणतात, होन मारून फट मोकळी केली म्हणून गाडी वाचली, जेटाचं श्रेय मला फुकटचं मिळालं. मी म्हणतो, फट थोडी घट्ट असेलही, पण ८५ वर मोकळ्या फटीचं इंजिनही त्या चढावर तापलं असतं. याचा निकाल लावायचा तर होन मारल्यावर ८५ तसाच ठेवून एकदा वाघबीळ चढायला हवं होतं. मालकांनी त्याला साफ नकार दिला. पिस्टन त्यांचा होता, त्यामुळे पुढे कुणी काही बोललं नाही.